एका ट्रॅक्टरखालची चार राने : मागच्या टायरच्या निवडीचे एक प्रकरण

पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावातील दोन भावांचे हे प्रकरण आहे. थोरले बंधू सैन्यातून निवृत्त झालेले असून गाव त्यांना सुभेदार म्हणते. धाकट्यांना सगळे बापू म्हणतात. शेती आणि ट्रॅक्टर बापूंच्या हातात आहे, तर हिशेब बापूंच्या पत्नी म्हणजे वहिनींच्या वहीत आहे. त्या वहीचा उल्लेख सुरुवातीलाच करतो, कारण या प्रकरणातील बराचसा उलगडा माझ्या उपकरणांपेक्षा त्या वहीतून झाला. मी कृषी अभियांत्रिकी शिकलेला माणूस असून शेतकऱ्यांना यंत्रांच्या निवडीबाबत सल्ला देणे हे माझे काम आहे. एप्रिल महिन्याच्या शेवटी हे दोघे माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता: आदल्या दिवाळीला घेतलेले मागचे टायर एका गळीत हंगामात अर्धे झिजले, तर आता कोणते घ्यावेत?

ट्रॅक्टर 45 घोडशक्तीच्या वर्गातला आणि दोन चाकांच्या ओढीचा आहे. पूर्वीचे मागचे टायर 13.6-28 मापाचे, म्हणजे साधारण 13.6 इंच रुंद व 28 इंच व्यासाच्या रिमवर बसणारे, आणि नेहमीच्या नक्षीचे होते. ते गुळगुळीत झाल्यावर ऐन ऊसतोडीत, ओढ्याकडच्या फडात भरलेली ट्रॉली दोन वेळा रुतली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढे जोडून ती काढावी लागली. दुसऱ्या खेपेला जोडाचा दांडा वाकला. त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने त्यांना खोल नक्षीचे, भातखाचरात वापरतात तसे टायर सुचवले आणि बापूंनी ते बसवून घेतले. विक्रेत्याने सांगितलेले खोटे नव्हते. टायरच्या बाजूवर बहुधा छापलेल्या खुणांपैकी आर-1 म्हणजे सर्वसाधारण शेतकामाची नक्षी आणि आर-2 म्हणजे भात व ऊस यांच्या ओल्या रानासाठीची नक्षी होय. तिच्यातल्या तिरक्या रबरी पट्ट्यांची, म्हणजे लगांची उंची आर-1च्या जवळजवळ दुप्पट असते. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला ‘भात व ऊस’ हे शब्द ऐकून हे टायर आपल्यासाठीच बनवले आहेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्या नावातला ऊस पाण्यात उभ्या असलेल्या सपाट रानातला आहे. आपल्याकडचा ऊस फडातून निघाला की डांबरी रस्त्यावर येतो आणि कारखान्यापर्यंत त्याच टायरवरून जातो, याचा उल्लेख त्या खुणेत कुठे नसतो.

खोल लग डांबरावर उभे राहतात. उंच रबरी पट्टीला आडवा आधार नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात ती मागे वाकते, सुटते आणि घासते. त्यामुळे झीज लवकर होते, ट्रॅक्टर थरथरतो, आणि चालकाला दर खेपेला ती थरथर कमरेत घेऊन उतरावे लागते. बापूंच्या टायरचे मधले टोक जवळजवळ निम्मे गेले होते, कडा मात्र शाबूत होत्या. मधोमध जास्त झीज दिसली की मी आधी हवा तपासतो, म्हणून मापक लावला. दोन्ही चाकांत 26 पौंड हवा होती. पंक्चरवाल्याने ट्रॉलीच्या हिशेबाने भरलेली ती हवा नांगरटीलाही तशीच राहिली होती, मे महिन्यापर्यंत तशीच राहिली असती, आणि या भागात माझ्या पाहण्यात येणाऱ्या बहुसंख्य ट्रॅक्टरांची हीच गोष्ट आहे.

आता वहिनींच्या वहीकडे वळतो. त्यांनी प्रत्येक दिवसाचे डिझेल, कामाचे तास आणि कामाचा प्रकार लिहून ठेवला होता. वर्षभराचे तास आम्ही तिघांनी बसून वेगळे केले, तेव्हा एकूण सुमारे 800 तास भरले. त्यांपैकी ऊस वाहतूक 420 तासांची होती आणि तिच्यातही जवळपास 280 तास रस्त्यावरचे होते. काळ्या रानातली नांगरट आणि रोटर मिळून 210 तास, माळावरच्या मुरमाड तुकड्यात 90 तास, जुलैमध्ये शिराळ्याकडच्या पाहुण्यांच्या भाताची चिखलणी 40 तास, आणि किरकोळ 40 तास. ज्या कामासाठी टायर बदलले होते, ते म्हणजे ओल्या फडातून ट्रॉली काढणे, वर्षात तीस तासांपेक्षा जास्त नव्हते. चिखलणी धरून सत्तर तास. उरलेल्या सातशे तीस तासांसाठी ते टायर चुकीचे होते. बापू बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. शेवटी ते म्हणाले, “साहेब, रुतलेली ट्रॉली डोळ्यांपुढे राहते, रस्त्यावरची झीज राहत नाही.” टायरची बहुतेक चुकीची खरेदी यामुळेच होते, असे माझेही मत आहे.

पण नुसते तास मोजून निवड करणेही अपुरे ठरते. सत्तर तासांत जर हंगामाचा ऊस अडकत असेल तर ते सत्तर तास इतर सातशेंपेक्षा भारी असू शकतात. त्यामुळे मी आधी प्रत्यक्ष रानात घसर, म्हणजे चाक पुढे न सरकता किती फुकट फिरते ते, मोजायचे ठरवले.

घसर मोजायला कोणतेही महागडे साधन लागत नाही. मागच्या चाकाच्या बाजूवर खडूने रेघ मारायची. अवजार जमिनीत घालून, नेहमीच्या गियरमध्ये, चाकाचे बरोबर दहा फेरे होऊ द्यायचे आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोकायची. मग अवजार उचलून त्याच दोन खुंट्यांमधले अंतर पुन्हा चालायचे आणि चाकाचे फेरे मोजायचे. ओझ्याशिवाय साडेआठ फेरे झाले तर घसर पंधरा टक्के, आठ झाले तर वीस टक्के. दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरला नांगरटीत साधारण आठ ते पंधरा टक्के घसर असावी. त्याहून कमी असेल तर ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादलेले आहे आणि इंजिन ते वजन वाहण्यातच शक्ती घालवते. त्याहून जास्त असेल तर डिझेल मातीऐवजी रबर घासण्यात जाते. घसर शून्य असावी ही अपेक्षा चुकीची आहे, कारण माती थोडी दाबली आणि सरकली गेल्याशिवाय ओढ निर्माणच होत नाही.

पहिली मोजणी नदीपासून थोड्या उंचावर असलेल्या खोल काळ्या रानात, वाफशावर, दोन फाळी पल्टी नांगर लावून केली. ओझ्यासह दहा फेऱ्यांच्या अंतरात ओझ्याशिवाय 8.1 फेरे झाले, म्हणजे 19 टक्के घसर. माळावर ती 9 टक्के भरली. तिसरी मोजणी ओढ्याकडच्या एकरभर सखल तुकड्यात, पाणी दिल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, मुद्दाम वाईट परिस्थितीत, अर्धी भरलेली ट्रॉली जोडून केली. तेथे ओझ्याशिवाय 6.5 फेरे झाले. पस्तीस टक्के. म्हणजे चाकाचा जवळपास तिसरा हिस्सा जागच्या जागी फिरत होता, आणि हे नव्याच्या निम्म्या का होईना, पण खोल लगांवर. बापूंना तेव्हा खरे वाईट वाटले, कारण याच तुकड्यासाठी त्यांनी पैसे घातले होते.

काळ्या रानात सर्वांत सोपा उपाय आधी केला. हवा 26 वरून 14 पौंडांवर आणली. अर्थात ट्रॉली न जोडता, आणि त्या मापाच्या टायरवर त्या वजनाला निर्मात्याच्या तक्त्यात ती चालते हे पाहूनच. प्रत्येक मागच्या चाकात सुमारे दीडशे लिटर पाणी भरले. पाणी भरताना झडप वरच्या बाजूस ठेवून त्या पातळीपर्यंतच, म्हणजे टायरच्या साधारण तीन-चतुर्थांश भागापर्यंत भरायचे असते. वरचा हवेचा पोकळ भाग राहिला पाहिजे, नाहीतर टायरची लवचिकता जाते. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात, आपल्याकडे साधे पाणी चालते. मागे तीनशे किलो वजन वाढले तसे पुढचा भाग हलका पडू नये म्हणून पुढच्या वजनाच्या पाट्या लावल्या. दोन चाकांच्या ओढीत एकूण वजनाचा साधारण पाव ते तिसरा भाग पुढच्या आसावर राहावा, नाहीतर चढावर सुकाणू हलके होते आणि ते केवळ गैरसोयीचे नव्हे तर जीवघेणे ठरू शकते. एवढे केल्यावर त्याच रानात, त्याच गियरमध्ये पुन्हा मोजले. घसर 13 टक्क्यांवर आली. टायर तेच, अर्धे झिजलेले. तेवढ्याच नांगरटीला लागणारे चाकाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी झाले. टायर, हवा आणि वजन या तीन वेगळ्या खरेद्या किंवा तीन वेगळी कामे नसून तो एकच निर्णय आहे, हे शेतकऱ्यांना तोंडी सांगून पटत नाही. खुंट्या ठोकून दाखवले की पटते.

हवा कमी केल्याने एवढा फरक का पडावा, याचे कारण साधे आहे. टायरचा जमिनीवर पडणारा दाब ढोबळमानाने त्याच्यातील हवेच्या दाबाएवढा, किंचित जास्त असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, तळवा लांबतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त लग एकाच वेळी मातीत असतात. खोल काळ्या मातीत, जिच्यात ओल धरून फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी चिकणमाती भरपूर असते, तेथे वरच्या थराचे दडपणही यामुळे कमी होते. दहा-बारा इंचांखालचा घट्ट थर मात्र हवेवर नव्हे तर आसावरच्या एकूण वजनावर ठरतो. म्हणून पाणी भरल्यावर ते बारा महिने चाकात ठेवू नये, नांगरट संपली की काढावे, असे मी बापूंना लिहून दिले. चिखलणीला तर ते नकोच.

आता ओढ्याकडच्या त्या एकराकडे यायचे. येथे सुभेदारांनी एक प्रश्न विचारला, ज्याने माझ्या विचाराला वेगळी दिशा मिळाली. नोकरीतली काही वर्षे त्यांनी बर्फाळ भागात काढली होती. ते म्हणाले, “वरती बर्फावरच्या स्कूटरला चाकच नसतं, रबराचा लांब पट्टा असतो. जवान कमरेपर्यंत रुततो तिथून ती निघून जाते. मग आपण इथं रुंद काहीतरी का लावत नाही?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे होते. बर्फावरच्या यंत्रांचा पट्टा निवडतानाही हाच विचार करावा लागतो. दाबलेल्या, घट्ट वाटेवर चालायचे असेल तर सुमारे 129 ते 137 इंच घेराचा आखूड पट्टा आणि इंच-सव्वा इंच उंचीचे लग पुरतात. असे यंत्र चपळ वळते आणि वेग धरते. ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फासाठी 154 ते 165 इंचांचा लांब पट्टा आणि अडीच-तीन इंचांचे लग घेतात. लांब पट्टा यंत्राला वर तरंगत ठेवतो आणि उंच लग वल्ह्यासारखे बर्फ मागे लोटतात. हाच खोल लगांचा पट्टा घट्ट वाटेवर नेला तर लग वाकतात, फाटतात आणि यंत्र थरथरते. बापूंच्या टायरचे डांबरावर झाले तेच. निथळ बर्फाच्या काचेवर तर रबर टिकतच नाही, तेथे पट्ट्यात धातूचे खिळे बसवावे लागतात. शिवाय पट्टा ज्या सरकपट्ट्यांवरून फिरतो त्यांना उडणारा सैल बर्फच गारवा आणि ओलावा देत असतो, त्यामुळे कडक पृष्ठावर लांबचा पल्ला मारला तर त्या तापतात. अशा यंत्राचा जमिनीवरचा दाब एका पौंडाच्याही खाली असतो, म्हणून माणूस रुततो तेथे ते रुतत नाही.

यातून सुभेदारांचा निष्कर्ष होता की ओल्या रानात रुंद टायर घ्यावा. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझाही कल तिकडेच होता. 13.6 ऐवजी 14.9-28 घ्यावा, तळवा रुंद होईल, ट्रॅक्टर वर राहील, असे मी त्यांना बोलूनही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोरे घेऊन त्या एकरात तीन ठिकाणी खड्डे खणले, आणि माझा सल्ला अर्धाच बरोबर असल्याचे दिसले.

बर्फ खोलवर सैल असतो. खाली पोहोचण्यासारखे काही नसतेच, म्हणून तरंगणे हाच मार्ग उरतो. चिखलाचे तसे नाही. बांधाकडच्या दोन खड्ड्यांत वरचा साधारण एक वीत थर लोण्यासारखा मऊ होता आणि त्याखाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीने झालेला कठीण थर लागला. खोऱ्याचा आवाज बदलला. अशा ठिकाणी रुंद टायर वरच्या लोण्यावर पसरतो आणि फिरत राहतो. अरुंद टायर आणि स्वच्छ लग तो थर कापून खालच्या कठीण जमिनीला टेकतात आणि ओढ तेथून घेतात. तिसरा खड्डा ओढ्याच्या बाजूला होता. तेथे गुडघाभर खोल गेलो तरी कठीण काही लागले नाही, आणि खड्ड्यात पाणी पाझरून भरू लागले. सोबत पांढुरका थर होता, वाळल्यावर टणक आणि ओला झाला की साबणासारखा. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीची ओळख आणखी कोणी सांगायला नको. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी अशा किती जमिनी धरल्या आहेत हे वाळवा, पलूस, मिरज या भागांत फिरणाऱ्याला ठाऊक आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी नदीकाठच्या रानांवर गाळाचा थर टाकून त्यात भर घातली.

म्हणजे एकाच एकरात दोन प्रकारचा चिखल होता. बांधाकडच्या तीस गुंठ्यांत अरुंद चाक चालेल, ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत रुंद चाकही चालणार नाही. तेथे तरंगायचे म्हटले तर बर्फावरच्या यंत्रासारखा पट्टाच हवा. भाताच्या पट्टायंत्रांना, ज्यांना लोक चेन हार्वेस्टर म्हणतात, रबरी पट्टे असतात ते याचसाठी. पण दहा टनांची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दहा गुंठ्यांसाठी पट्टे बसवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

काळ्या मातीची आणखी एक खोड या ठिकाणी लक्षात घ्यावी लागते. बर्फ लगांमधून झटकला जातो, काळी माती चिकटून बसते. दोन लगांमधल्या खाचा भरल्या की कितीही खोल नक्षी असो, टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. म्हणून नक्षीची उंची पाहण्याआधी दोन लगांमधले अंतर पाहावे, आणि टायर बसवताना बाजूवरच्या बाणाप्रमाणे बसला आहे ना हे तपासावे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर लगांचे टोक वरच्या दिशेला दिसले पाहिजे. उलट बसलेला टायर चिखल बाहेर फेकण्याऐवजी मध्ये गोळा करतो. बापूंचा डावा टायर पंक्चर काढल्यानंतर उलटा बसवला गेलेला होता. हे मी आधीच पाहायला हवे होते, पण पाहिले तिसऱ्या दिवशी.

शिवाय पस्तीस टक्के घसरीचा तोटा डिझेलपुरता नसतो. ओल्या चिकणमातीत चाक फिरते तेव्हा ते मातीला चोळून चकचकीत करते. त्या चकाकीखाली हवा आणि पाणी जात नाही. बापूंच्या खोडव्यात ट्रॉलीच्या वाटेवरचे फुटवे विरळ होते, आणि ती विरळ रेघ बांधावरून सहज दिसत होती. सरी साडेतीन फुटांची आणि चाकांमधले अंतर साडेचार फुटांच्या आसपास, त्यामुळे एक चाक सरीत तर दुसरे बुडख्यांवर चालत होते. पुढच्या लागणीला सरी साडेचार फुटांची, म्हणजे सुमारे 137 सेंटिमीटरची ठेवावी आणि मागच्या चाकांचे अंतर तेवढेच जुळवून घ्यावे, असे ठरले. असे केल्यास दोन्ही चाके सरीतच राहतात. टायर किती रुंद असावा याला त्यामुळे एक मर्यादाही येते, आणि ती मर्यादा मला रुचली.

निर्णय घेताना आम्ही चार पर्याय समोर ठेवले. पहिला, पुन्हा खोल लगांचे आर-2. तासांच्या हिशेबाने तो लगेच बाद झाला. दुसरा, आर-2चा जुना जोड वेगळ्या रिमांवर बसवून ओल्या कामाला ठेवायचा आणि रस्त्यासाठी आर-1 घ्यायचा. कागदावर हा सर्वांत शहाणपणाचा दिसतो, पण फड आणि रस्ता ही दोन कामे एकाच खेपेत, अर्ध्या तासाच्या अंतराने होतात. फडाच्या तोंडाशी चाके बदलणे शक्य नाही. तिसरा, 14.9-28 आकाराचे आर-1. चौथा, जुनेच माप 13.6-28 आणि आर-1.

तिसऱ्या आणि चौथ्यात आम्ही दोन संध्याकाळ घालवल्या. 14.9 चा तळवा सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंद असतो, वजन जास्त पेलतो, आणि नांगरटीत तो थोडा सरस ठरला असता. परंतु तो घ्यायचा तर रिमची रुंदी आणि चिखलपाट्यांमधली मोकळी जागा तपासावी लागते, आणि बांधाकडच्या तीस गुंठ्यांत तो तोट्याचाच होता. मी 13.6-28 आर-1 सुचवले. सुभेदारांना ते शेवटपर्यंत पूर्ण पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की काळे रान 210 तास आहे आणि तो एकर तीस तास, मग कमी तासांच्या रानाकडे पाहून माप का ठरवायचे? हा आक्षेप योग्य आहे, आणि मी तो खोडून काढू शकलो नाही. मी एवढेच दाखवले की काळ्या रानातली घसर हवा आणि पाण्याने तेरा टक्क्यांवर आलेलीच आहे, तेथे रुंदीने मिळणारा फायदा आता थोडा आहे. फडात मात्र दुसरा कोणता उपाय हाताशी नाही. ज्या ठिकाणी इतर उपाय संपतात त्या ठिकाणी टायरने काम करावे, असा माझा विचार होता.

चिखलणीसाठी टायरवर खर्च करायचा नाही असे लवकर ठरले. शिराळ्याच्या खाचरांत मागच्या चाकांच्या बाहेरच्या बाजूला अर्धी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके, जोडली की चाळीस तास निभावतात. ती लावून डांबरावर जायचे नाही, ट्रॉलीत घालून न्यायची आणि खाचराच्या बांधावर जोडायची. बापूंच्या पाहुण्यांकडे ती आहेतच.

बाकीचे निर्णय टायरच्या दुकानाबाहेरचे होते, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. तोडीआधी पंधरा दिवस पाणी बंद ठेवायचे. साखरेच्या उताऱ्यालाही ते चांगलेच असते, पण तोड कधी येईल याचा भरवसा नसल्याने शेतकरी पाणी देत राहतो. यावर टोळीशी आणि कारखान्याच्या चिटबॉयशी आधी बोलून ठेवण्याची जबाबदारी सुभेदारांनी घेतली. फडात ट्रॉलीची एकच वाट ठरवायची आणि तिच्यावर पाचट पसरायचे. रानाचे सर्वांत जास्त दडपण पहिल्याच फेऱ्यात होते, त्यामुळे दर खेपेला नव्या वाटेने जाण्यात रान वाचत नाही, उलट सगळेच बिघडते. ट्रॉली अर्धी भरून बांधापर्यंत काढायची आणि उरलेली तेथे भरायची. नांगरटीला वाफसा पाहताना वरची वाळलेली माती नव्हे तर फाळ जेथे पोहोचतो तेथली माती मुठीत दाबायची, गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. फुटला तर ट्रॅक्टर घालायचा, चपटा होऊन पडला तर थांबायचे. येथून जवळच असलेल्या किर्लोस्करवाडीने 1910 पासून लोखंडी नांगर या मातीत आणले. तेव्हा बैल ओल्या रानात पाय टाकायलाच नाखूष असत, म्हणून थांबण्याचा निर्णय बैल घेत. ट्रॅक्टर नाखूष होत नाही.

हवेसाठी बापूंनी स्वतःचा मापक घेतला. ट्रॉली जोडायची त्या दिवशी निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे जास्त हवा, नांगर जोडायचा त्या दिवशी 14 पौंड. हे रोज पाळले जाईल का याबद्दल मला शंका होती. वहिनींनी वहीत हवेसाठी एक नवा रकाना आखला.

नवे टायर दसऱ्याला बसले आणि डिसेंबरमध्ये फडाला तोड आली. मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो. पाणी पंधरा नव्हे, अकराच दिवस बंद राहिले होते, कारण तोड आधी आली. बांधाकडच्या तीस गुंठ्यांतून ट्रॉल्या एका ट्रॅक्टरने निघाल्या. पाचटाच्या वाटेवर मोजलेली घसर 18 टक्के भरली. वाहतुकीच्या दृष्टीने ती थोडी जास्तच आहे, पण शेजाऱ्याला हाक मारावी लागली नाही. ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत ट्रॅक्टर घातलाच नाही. टोळीने तेथला ऊस डोक्यावरून बांधापर्यंत आणला. त्यासाठी टोळीला वेगळे पैसे द्यावे लागले, आणि मुकादमाने ते आधीच ठरवून घेतले होते. मार्चअखेर टायरची झीज मोजली तेव्हा मधल्या आणि कडेच्या लगांच्या उंचीत फारसा फरक नव्हता, म्हणजे हवा बहुतेक दिवस जागेवर होती. वहीतल्या रकान्यात मधले काही आठवडे कोरे होते, तोडीच्या घाईचे.

ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांसाठी जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकून निचरा काढायचा विचार आहे. ओढ्याची पातळी पावसाळ्यात किती चढते यावर नळ्यांचा उतार ठरेल, म्हणून बापूंनी ओढ्यात एक खुणेचा दगड रोवला आहे. पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला तो पाहून पाण्याची उंची त्याच वहीत लिहिली जाणार आहे. तोपर्यंत त्या तुकड्यातला ऊस डोक्यावरूनच बांधावर येईल.